आधी स्वतःच्या हाताला

खाणीच्या वस्तीत कुठलंही नवं यंत्र आलं, की ते आधी सुईबाईच्या अंगाला लागायचं आणि मग इतरांच्या. असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. खुद्द सुईबाईचीही नव्हती, कारण तो पायंडा तिनेच पाडला होता.

तेव्हा ती नुकती नोकरीला लागलेली, पाठीवर वेणी नाचवत चालणारी नर्स होती. लशींचा थंड डबा खांद्याला अडकवून ती चढ चढून वर आली, की बाया मुलांना उचलून दगडांच्या ढिगांमागे दडी मारत. सुई टोचली की पोर लुळं पडतं, अशी कुणीतरी आवई उठवलेली. सांगून सांगून तिचा घसा बसला. शेवटी एक दिवस ती खाणीच्या तोंडाशी भल्यामोठ्या दगडावर बसली, बाही वर सारली आणि सगळ्यांच्या देखत कोरी सुई स्वतःच्या दंडात खुपसली. मग हात हलवून दाखवला, बोटं मोडून दाखवली, आणि डबा उघडून बसून राहिली. ढिगांमागून एकेक डोकं वर आलं. त्या दिवसापासून तिचं नाव सुईबाई पडलं. तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव वस्तीत आता कुणालाच आठवत नाही.

पुढे तापमापक आला, मुलं तोलायचा काटा आला, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर सांगणारी डबी आली. दरवेळी आधी सुईबाई, मग बाकीचे. ज्या मुलांना तिने टोचलं त्यांच्या मुलांना टोचायची वेळ आली, केस पिकले, चढ चढताना दम लागू लागला. आणि मग हातात टॅब आला.

टॅब आला तेव्हा तिला खरोखर आनंद झाला होता. त्याच्यासोबत प्रेशर मोजायचा पट्टा होता, बिनतारी. टॅबवर बाईचं नाव दाबायचं, पट्टा दंडाला बांधायचा, की आकडा खाली शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरच्या टेबलावर जाऊन पडायचा. ठीक असेल तर हिरवा, काळजीचा असेल तर पिवळा, धोक्याचा असेल तर लाल. लाल झालं की गाडी निघायची. सुईबाईला जुने दिवस आठवले. त्या दिवसांत आकडा तिच्या डोक्यातून कुठेच पोचायचा नाही. मुकादमाच्या लेकीला झटके आले, तेव्हा तिला दगडाच्या ट्रकमध्ये गोधड्या अंथरून खाली नेली होती. वाटेतच ती गेली. पोटातलंही गेलं. सुईबाई त्या ट्रकमध्ये होती. म्हणून यंत्र शिकवायला बोलावलं, तेव्हा ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

शिकवणारे तरुण होते आणि भराभर बोलत होते. एका बाईचा एका दिवसात पहिलाच आकडा धरला जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. कारण काही ठिकाणी बरा आकडा येईपर्यंत लोक पुन्हा पुन्हा मोजत बसतात. सुईबाईने मान डोलावली. चांगला नियम आहे, असंच तिला वाटलं. आपला त्याच्याशी काही संबंध असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

त्या दुपारी तपासणी होती. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एकच खोली. एक खाट, औषधांचं कुलूपबंद कपाट, रेंज तिथेच मिळते म्हणून खिडकीत उभा केलेला टॅब, आणि बाहेर बाकावर बायांची रांग. रांगेत सर्वांत पुढे मुकादमीण आपल्या धाकट्या सुनेला घेऊन बसली होती. मुकादम जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची मुकादमी बायकोने सोडली नव्हती. वस्तीत तिच्याशिवाय पान हलत नसे. मुकादमाने सुईबाईला बहीण मानलेलं, म्हणून सुईबाई तिला वहिनी म्हणायची. मुकादमीण मात्र तिला नुसतं बाई म्हणायची, आणि त्यातलं प्रेम किती आणि हुकूम किती, ते आवाजावरून ओळखावं लागायचं.

धाकटीला आठवा लागला होता. आत येताना तिचा खांदा चौकटीला आपटला. डोळे घरी ठेवून आलीस का, असं सासूने विचारलं. सुईबाईने मात्र तिच्या तोंडाकडे पाहिलं. गाल फुगले होते, पापण्या जड झाल्या होत्या. पोरीने अंग धरलंय, असं मुकादमीण कौतुकाने सांगत होती. सुईबाईने वाकून नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला, आणि पडलाच राहिला.

तिने नेहमीसारखं केलं. धाकटीचं नाव दाबलं, बाही वर सारली, पट्टा आधी आपल्या दंडाला बांधला. पट्टा गुरगुरत फुगला, सुस्कारा टाकून मोकळा झाला. दारातून डोकावणाऱ्या बायांनी पाहिलं, सुईबाई जिवंत आहे. मग पट्टा धाकटीच्या दंडावर गेला. तो फुगला, थबकला आणि आपणहून पुन्हा फुगला. पट्ट्याच्या काचेवर आकडा उमटला. वरचा आकडा एकशे ऐंशीला टेकलेला, खालचाही शंभराच्या बराच वर.

डोकं दुखतं का, तिने विचारलं. धाकटी म्हणाली, सकाळपासून फुटतंय. आणि डोळ्यांपुढे ठिणग्या उडतात, छिन्नीखालून उडतात तशा.

"मला नाही सांगितलंस ते?" मुकादमीण म्हणाली.

"सांगून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असता, आम्ही दगड फोडता फोडता बाळंत झालो."

बाकावरच्या बाया हसल्या. सुईबाईला हसू आलं नाही. लाल झालं असेल, गाडी निघालीही असेल, या भरवशावर तिने टॅबवर डॉक्टरला हाक मारली. रेंज तुटत होती म्हणून आवाज मोठा करून ठेवला होता. सगळ्यांना ऐकू जात होतं.

डॉक्टर तरुण बाई होती, बोलायला गोड, कामाने पिचलेली. सुईबाईने सूज सांगितली, डोकेदुखी सांगितली, गाडी कधी निघाली ते विचारलं. पलीकडे थोडा वेळ नुसतीच बटणं वाजली.

"सिस्टर, गाडी निघालेली नाही. तुमची पेशंट हिरवी आहे."

सुईबाईला वाटलं, नाव चुकलं. तिने नाव पुन्हा सांगितलं, सासूचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाली, बरोबर, तीच. आजचं प्रेशर एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. मागच्या वेळी एकशे सव्वीस, त्याआधी एकशे अठ्ठावीस. पहिल्या महिन्यापासून हललेलं नाही. पोटुशी बाईला सूज थोडीफार येतेच, एक गोळी द्या, आराम करू द्या, उद्या पुन्हा बोलू.

"ऐकलंस?" मुकादमीण उठलीच. "डॉक्टर सांगते, काही झालं नाही. उगाच जिवाला घोर लावतेस. चल गं घरी."

सुईबाई जागची हलली नाही. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. हा आकडा ती ओळखत होती. रोज सकाळी चहाबरोबर ती प्रेशरची एक गोळी घेते, आणि त्या गोळीने तिचं स्वतःचं प्रेशर याच आकड्याला धरून ठेवलेलं आहे. पट्टा सोडताना काचेवर तो तिने कितीदा पाहिला होता. पाहून विसरली होती, कारण ती काही स्वतःला मोजत नव्हती. ती दाखवत होती. नाव दाबायचं धाकटीचं, पट्टा बांधायचा आपल्या हाताला, आणि पहिला आकडा धरला जाणार.

एकटी धाकटी नव्हे. बाहेर बाकावर बसलेली प्रत्येक बाई त्या इस्पितळाच्या टेबलावर सुईबाईच्याच रक्ताने हिरवी होती. मागल्या खेपेला एकीचा आकडा चढा दिसला होता, तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, डॉक्टरने पाहिलंय, काही असतं तर बोलली असती. डॉक्टर गेल्याच महिन्यात टॅबवरच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाली होती की खाणीच्या वस्तीतलं काम आदर्श आहे, तिथे एकही लाल नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सुईबाई लाजली होती.

आवाज कमी करून, तोंड टॅबजवळ नेऊन सांगता आलं असतं. पण मुकादमीण सुनेचा हात धरून दारापर्यंत पोचली होती.

"वहिनी, थांबा. तो आकडा तिचा नाही. माझा आहे."

सुईबाईने टॅबकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, पहिल्यापासून सांगितलं. पट्टा ती आधी स्वतःला बांधते. दरवेळी. सगळ्यांच्या वेळी. खरा आकडा एकशे ऐंशी आहे.

मग डॉक्टरचा आवाज आला आणि तो आता गोड नव्हता, नुसता घाईचा होता. माझा तुमच्यावर विश्वास आहे, ती म्हणाली, पण खाली एकच गाडी उभी आहे आणि दुसऱ्या ठिकाणीही बोलावणं आहे. रंग बघून गाडी सुटते, हिरव्याला ती सुटणार नाही. मी आजची नोंद माझ्याकडून पुसते. तुम्ही पुन्हा मोजा. फक्त तिचा हात. दुसऱ्या कुणाच्या हाताला पट्टा लागला तर मला नोंद पुन्हा उघडता येणार नाही.

सुईबाई पट्टा घेऊन वळली. धाकटीला तिने खाटेवर बसवलं. पण मुकादमीण मध्ये उभी राहिली होती, सुनेच्या दंडावर आपला पंजा ठेवून.

"म्हणजे आजवर माझ्या पोरीच्या जागी तू स्वतःलाच मोजत होतीस."

"हो."

"आणि आता स्वतःला न बांधता तिला बांधणार."

"हो, वहिनी."

"आधी तू बांध."

सुईबाईने समजावून पाहिलं. आज बांधलं तर तोच हिरवा आकडा पुन्हा जाईल आणि गाडी येणार नाही. मुकादमीण ऐकेना. तिचं म्हणणं सरळ होतं. आजवर जे जे या वस्तीच्या अंगाला लागलं ते आधी तुझ्या अंगाला लागलं, म्हणून आम्ही लागू दिलं. आज तूच सांगतेस की ती सगळी फसगत होती, आणि आजच तू मागे सरतेस. मग कशावरून विश्वास ठेवायचा? तू नाहीस तर मला बांध, ती म्हणाली आणि स्वतःची बाही वर ओढू लागली. तिने पट्ट्याला हात घातला तसा सुईबाईने तो छातीशी धरला. दोघी म्हाताऱ्या एका पट्ट्याला झोंबल्या होत्या, आणि दारातल्या एकीलाही हसू येत नव्हतं.

"तुमच्या लेकीच्या वेळी मी ट्रकमध्ये होते," सुईबाई म्हणाली. "तिला मोजायला तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. आज आहे."

मुकादमिणीचा चेहरा दगडासारखा झाला. ते नाव त्या घरात कुणी काढत नसे. ती काय बोलली असती, कोण जाणे. पण तेवढ्यात धाकटीने मान वर केली आणि सासूच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं, थोडं बाजूलाच.

"आई, तुम्ही कुठे आहात? आवाज येतोय. तोंड दिसत नाही."

मुकादमिणीचा हात गळून पडला. सुईबाईने पट्टा बांधला. तो फुगला, पुन्हा फुगला, सुटला. टॅबवर लाल उमटलं आणि पलीकडून डॉक्टर म्हणाली, "आलं माझ्याकडे. गाडी सोडली. कपाट उघडा, सिस्टर."

झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन कपाटात होतं, पण डॉक्टरने सांगितल्याशिवाय ते फोडायचं नसतं. जास्त झालं तर श्वास थांबतो. डॉक्टर एकेक गोष्ट सांगत गेली, सुईबाई ती मोठ्याने परत म्हणत गेली. कमरेखाली दोन्ही बाजूंना, खोल, हळूहळू. धाकटी ओरडली. मुकादमीण तिचे खांदे दाबून धरून उभी होती आणि सुईबाईकडे बघत नव्हती. मग डॉक्टर म्हणाली, आता अंधार करा आणि अगदी शांत ठेवा. मोठा आवाजसुद्धा झटका आणू शकतो.

तेव्हाच खाणीवरचा भोंगा वाजला.

दुपारचा सुरुंग. रोजचा. भोंगा झाला की खालच्या वळणावर लाल झेंडी लागते आणि स्फोट होईपर्यंत रस्ता बंद. म्हणजे गाडी झेंडीपाशी अडणार, आणि स्फोट इथे पत्र्यावर आदळणार. बाकावरची एक बाई सुरुंग थांबवा म्हणून सांगायला धावत गेली. ती धापा टाकत परत आली ते निरोप घेऊनच. भोकांत दारू ठासून झाली आहे, ती तशीच ठेवणं जास्त धोक्याचं. खाणीचा साहेब म्हणतो, थांबत नाही, आत्ताच उडवतो आणि गाडीला वाट करून देतो.

आत्ताच म्हणजे किती वेळात, ते तिला सांगता आलं नाही.

यावेळी मुकादमिणीने कुणाला विचारलं नाही. ती चपला काढून खाटेवर चढली, भिंतीला पाठ लावून बसली आणि धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं. सुईबाईने कानांत कापूस दिला, वर मुकादमिणीने दोन्ही तळवे घट्ट दाबले. बायांनी अंगावरच्या चादरी काढून खिडकीवर, दारावर धरल्या. टॅब पालथा ठेवला. अंधारात धाकटीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि सुईबाई तो मोजत होती. मुकादमीण वाकून सुनेच्या कपाळाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होती. कानात कापूस असलेल्या माणसाशी बोलत होती.

जमीन आधी हलली, मग आवाज आला. पत्रा खडखडला, कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या, छतातून धूळ गळली. धाकटीचं अंग ताठ झालं. तिची बोटं आकसली, मूठ वळली. असंच सुरू होतं. आधी बोटं, मग जबडा. तिने धाकटीची हनुवटी धरली. जबडा सैल होता. तिने तो हात चाचपला. मूठ मुकादमिणीच्या मनगटाभोवती वळलेली होती, भेदरलेलं मूल धरतं तशी. हळूहळू ती सुटली.

"गेला का सुरुंग?" धाकटीने विचारलं.

"गेला," मुकादमीण म्हणाली, पण कापसातून धाकटीला ते ऐकू गेलं नाही.

गाडी आली. दगडाच्या भुकटीने पांढरा झालेला धाकटीचा नवरा खाणीतून पळत आला आणि तसाच आत चढला. सोबत एकालाच घेत होते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर सुईबाई आत आली. बाक रिकामा होता. बाया आपापल्या चादरी घेऊन निघून गेल्या होत्या. मुकादमीणही गेली होती.

टॅब सरळ केला तेव्हा डॉक्टर अजून तिथेच होती. तिने वस्तीतल्या सगळ्या बायांच्या जुन्या नोंदी बाजूला काढल्या होत्या. इतके महिने एका पोटुशीचं प्रेशर जराही हलत नाही, हे मलाच खटकायला हवं होतं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, हे वर कळवावं लागेल. सुईबाई म्हणाली, कळवा. तिला त्या क्षणी नोकरीची फिकीर नव्हती. मागल्या खेपेला जिचा आकडा चढा होता, ती बाई या घडीला कुठे असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने टॅब पिशवीत घातला, पट्टा घेतला आणि बाहेर पडली.

उन्हं कलली होती. त्या बाईने दार अर्धंच उघडलं. बाई, राहू दे, ती म्हणाली. आम्ही आमचं बघू. आवाजात राग नव्हता, तेच सुईबाईला जास्त लागलं. राग असता तर भांडता आलं असतं. तुझं बघायलाच आले आहे, असं तिने सांगून पाहिलं. दार हळूच लागलं. शेजारच्या दारातल्या बाईने तर दार उघडलंच नाही, आतली हालचाल तेवढी थांबली. सुईबाई गल्लीत उभी राहिली. समजावायला तिच्याकडे एकच गोष्ट असायची, तिचा हात, आणि आता तो चालणार नव्हता.

पिशवीत टॅब वाजला. डॉक्टरचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला. शस्त्रक्रिया झाली. मुलगी आहे, फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे. आई शुद्धीवर आहे, धोका टळला असं आज म्हणणार नाही, पण झटका आलेला नाही. नवऱ्याचं तोंड तिला दिसलं.

सुईबाईने मागे वळून पाहिलं. मुकादमीण गल्लीच्या तोंडाशी उभी होती, कधीपासून ते माहीत नाही. तिने सगळं ऐकलं होतं. ती सावकाश चालत आली, सुईबाईशी एक शब्द न बोलता तिच्या पुढे गेली आणि बंद दारावर थाप मारली.

"उघड गं. हिने मला फसवलं, तुलाही फसवलं, त्याचं भांडण मी उद्या करते. आज हात बाहेर काढ."

दार उघडलं. ती बाई सवयीने सुईबाईच्या दंडाकडे बघू लागली, तशी मुकादमीण खेकसली, "तिच्या हाताकडे काय बघतेस? स्वतःचा दे."

बाई उंबऱ्यातच बसली. नाव दाबलं, पट्टा बांधला. तो फुगला तेव्हा तिने डोळे गच्च मिटून घेतले. सुईबाईने काचेकडे पाहिलं, मग टॅबकडे, आणि टॅबवरचा आकडा तोच आहे ना, हे पुन्हा एकदा पाहिलं.

"कसला रंग?" मुकादमिणीने विचारलं.

"पिवळा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हिच्याकडे अजून वेळ आहे. डॉक्टरशी बोलते."

ती बोलायला लागली तोवर मुकादमीण शेजारच्या दारावर थापा मारत होती.